टाच, झोप आणि बैठी नेमणूक

मानवी मेंदूत झोप आणि वेदना यांना जोडणारा दुवा जगात सर्वप्रथम सापडला तो नागपूरबाहेरच्या निद्राविज्ञान प्रतिष्ठानात, प्रयोगशाळा क्रमांक तीनमध्ये, सन २०४१च्या मार्च महिन्यात. प्रतिष्ठानाच्या फाटकावरचे रक्षक गुलाबराव नेवारे यांना तो तीन वर्षांपूर्वीच सापडला होता. पण त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती.

गुलाबराव सकाळी आठ ते रात्री आठ फाटकावर उभे असत. पूर्वी तिथे एक खुर्ची होती. तिच्यावर रक्षक झोपतात हे सुरक्षा अधिकारी बोंद्रे यांच्या लक्षात आलं आणि ती उचलण्यात आली. झोपेच्या अभ्यासासाठी उभारलेल्या संस्थेत झोपणं हा शिस्तभंग आहे, असं परिपत्रक अजून फलकावर लागलेलं होतं. बारा तास उभं राहिल्यावर गुलाबरावांच्या टाचा अशा ठणकत की घरी अंथरुणावर डोळा लागत नसे. आणि न झोपलेल्या माणसाच्या टाचा दुसऱ्या दिवशी दुपटीने ठणकत.

डॉ. मंदाकिनी सातपुते यांनी एकदा गाडीची काच खाली करून पाय का ओढता म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी हे एवढंच सांगितलं. बाई झोपेच्या तज्ज्ञ. त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं आणि डॉ. विल्यम साळवे यांना नेऊन दाखवलं. साळवे मज्जातंतूंचे तज्ज्ञ. शेजारच्याच खोलीत बसत, आणि दोघांचं सहा वर्षं पटत नव्हतं.

“पायाचा संदेश मेंदूकडे जाताना मणक्यात एक दार लागतं,” साळवे म्हणाले. “वेदनाद्वार म्हणा. ते किती उघडायचं हे मेंदू ठरवतो.”

“आणि मेंदूला झोपच मिळाली नसेल तर?”

“तर दारावर कोणी नाही. सगळे संदेश आत. साधा ठणका हाड मोडल्यासारखा वाटेल.”

“म्हणजे पायाला हात लावायची गरजच नाही. मी त्याला गाढ झोपवते, दार आपोआप लागेल.”

“पाय तसाच राहील, मॅडम.”

“राहू दे की. दुखणार तर नाही?”

यातून निद्रागहनक तयार झाला. ही घोट्यावर बांधायची पट्टी. झोपलेल्या माणसाच्या मेंदूतल्या लहरींशी ताल जुळवून ती बारीक कंपनं द्यायची आणि झोप खोल न्यायची. शिवाय तंतूंमधले संदेश मोजून शून्य ते दहा असा वेदनांक काढायची आणि तो संस्थेच्या संगणकाला कळवायची. पहिला प्रयोग कोणावर करायचा यावर चर्चा झाली नाही. फाटक जवळ होतं.

गुलाबराव तयार झाले ते विज्ञानासाठी नव्हे. कॅमेरा-कक्षात रक्षकाची एक जागा रिकामी होती. बसून पडद्यांकडे बघायचं काम. नियम असा की वेदनांक सात किंवा त्याहून जास्त असेल त्याला ही बैठी नेमणूक मिळेल. गुलाबरावांचा भरला आठ. त्यांनी त्याच दिवशी अर्ज टाकला. नेमणुका ठरवणारी समिती तीन आठवड्यांनी बसणार होती.

तीन आठवड्यांत पट्टीने चोख काम केलं. गुलाबराव सलग सात तास झोपू लागले. बायकोने शेजारणीला सांगितलं की माणूस कण्हायचा बंद झालाय, सवय नाही, मलाच झोप येत नाही. समितीच्या दिवशी वेदनांक होता एक.

बोंद्रे यांनी अर्ज परत केला. एकवाल्यांना खुर्च्या दिल्या तर आठवाल्यांना पलंग द्यावे लागतील, असं ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

साळवे वरच्या खिडकीतून बघत होते. वेदनांक एक असलेला माणूस फाटक उघडायला जाताना अजून पाय ओढत होता. त्यांनी हे सातपुतेबाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, सवयीने ओढत असेल. संध्याकाळी साळवे स्वतः फाटकावर गेले.

“चार रात्री पट्टी काढून ठेवा,” ते हळू आवाजात म्हणाले, “आणि झोपू नका. दार उघडं राहील.”

तीस वर्षांच्या संशोधनातून त्यांना देता येण्यासारखा सल्ला एवढाच होता.

गुलाबराव चार रात्री जागले. बायको चहा करून देत राहिली आणि डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत राहिली. पाचव्या दिवशी वेदनांक नऊ भरला. समितीचं समाधान झालं. पट्टी कायम बांधून ठेवायची, या अटीवर नेमणूक मिळाली.

कॅमेरा-कक्षात हातांची खुर्ची होती, पंखा होता, सोळा पडदे होते. गुलाबराव आठ वाजून दहा मिनिटांनी बसले. आठ वीसला त्यांना झोप लागली. पट्टीने आपलं कर्तव्य केलं. दुपारी अडीचला ते जागे झाले, वेदनांक दोन, आणि तो बोंद्रे यांच्या टेबलावर आपोआप पोचलेला होता.

“झोपलात म्हणून काही म्हणणं नाही,” बोंद्रे म्हणाले. “झोप आता उपचार आहे, परिपत्रक बदललंय. पण दुखत नाही तर खुर्ची कशाला?”

“साहेब, उभा राहिलो का पुन्हा दुखते.”

“मग पुन्हा अर्ज करा.”

त्यांनी पुन्हा अर्ज केला. चार रात्री जागायचं, नऊ गाठायचे, खुर्चीत बसायचं, झोप लागायची, दोनवर यायचं, फाटकावर जायचं. हे आणखी दोनदा झालं. त्यापुढच्या खेपेला समितीपर्यंत पोचण्याआधीच ते संचालकांच्या गाडीसमोर उभ्याउभ्या खाली पडले. गाडी वेळेत थांबली. संचालकांनी चौकशी केली की हा मद्यपान करतो का.

सातपुते आणि साळवे यांचा शोधनिबंध जूनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला करवतीच्या दात्यांसारखा आलेख फार गाजला, कारण झोप गेली की वेदना वाढते आणि झोप आली की उतरते हे एकाच माणसात इतक्या स्वच्छपणे कोणी दाखवलं नव्हतं. दोघांचं तेव्हापासून पटू लागलं. आभाराच्या परिच्छेदात ‘एक स्वयंसेवक’ असा उल्लेख होता.

स्वयंसेवकाने जुलैत राजीनामा दिला. गणवेश जमा करायला ते भांडारात गेले. भांडारपालाने टोपी, शिट्टी, पट्टा, दोन शर्ट तपासून घेतले आणि बूट उलटे करून तळव्यावरचा आकडा वाचला.

“आठ नंबर. तुमचा पाय केवढा?”

“नऊ.”

“मग बोलायचं ना.”

गुलाबराव म्हणाले, रुजू झालो त्याच दिवशी बोललो होतो. नवा माल येईल तेव्हा बघू म्हणालात. भांडारपालाने रजिस्टर चाळलं. त्या वर्षी बूट सगळे आठ नंबरचेच आले होते.