आधी आवळ, मग सोड

जॅक त्या कोपऱ्यात आहे, जुन्या टायरमागे. घ्या तुमच्याच हाताने. शेजारी गॅरेजच्या दारात आलाय आणि मी ट्रकमधून उतरतसुद्धा नाही, म्हणून तोंड वाकडं करू नका. माझा पाय ब्रेकवर आहे. दुपारी जेवून चढलोय, आता ऊन समोरच्या भिंतीवर गेलं. बसा त्या पेटीवर, सांगतो. हळू बोला मात्र.

हा ट्रक माझ्या दादाचा. घाटात दरीत गेला तेव्हा दादा आत होता. ट्रक वर ओढून आणला. दादाला आणलं ते चादरीत. पंधरा वर्षं हा मागच्या अंगणात गंजत पडला, मी हात लावत नव्हतो. पण दादाची लेक ऐकते होय! बापाचा हट्ट जसाच्या तसा उचललाय. "काका, बाबांचाच ट्रक हवा. मागे बिछाना, ओटा, कपाटं बसवू. घर घेऊन फिरेन मी." वर्षभर आम्ही दोघांनी गंज खरवडला, पत्रा ठोकला, इंजिन उघडून पुन्हा बसवलं. उद्या निघायची आहे ती. त्याच घाटाने.

राहिले होते ब्रेक. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल पोकळ होतं, दाबलं तरी चाक धरत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर पेडलवर, एक खाली चाकापाशी पाना घेऊन. खालचा म्हणतो, "दाब." वरचा दाबून धरतो. खालचा नट सैल करतो, हवा बाहेर पडते, पेडल खाली बसतं. मग नट आवळायचा आणि मगच म्हणायचं, "सोड." वरच्याला खालचं काही दिसत नाही, त्याने शब्दावर विश्वास ठेवायचा. नट उघडा असताना पाय उचलला, की गेलेली हवा परत आत.

पंधरा वर्षांपूर्वी, दादा घाटाकडे निघाला त्या दिवशी, खाली मी होतो, वर दादा. शेवटचं चाक होतं. भूक लागली होती हो मला, दुसरं काही नाही... "सोड" म्हणालो आणि मग आवळलं.

दादाने विचारलं, "आवळलंस ना रे आधी?"

"हो रे दादा, नीघ तू आता!"

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वहिनीला नाही, पोरीला तर नाहीच. तुम्ही पहिले.

परवा पोरीला पेडलवर बसवून हवा काढली. दगडासारखं घट्ट झालं पेडल. काल सकाळी पोकळ. परत काढली. आज सकाळी परत पोकळ. नळ्या नव्या कोऱ्या, कुठे थेंब गळत नाही. तिला म्हटलं, दोन दिवस थांब गं. तर हसली. "काका, निघायच्या वेळी मांजरासारखे आडवे काय जाता!" आणि गेली सामान आणायला.

जेवून मी एकटाच इथे बसलो, पेडल बघावं म्हणून. गॅरेजमध्ये दुसरं कुणी नाही. ब्रेक ऑइलचा वास एकदम नाकात भरला. डबा तर बंद होता. आणि खालून, मागच्या चाकापाशी, शांत आवाज आला...

"दाब."

सवयीचा पाय, दाबला. खाली पाना कट्‌कन वाजला. पेडल हळूहळू पार तळाला टेकलं.

"दादा..." मी म्हटलं. "चुकलं रे माझं. शिक्षा मला कर. पोरीला नको..."

तेव्हापासून पाय असाच आहे. खालून "सोड" येईपर्यंत उचलायचा नाही. अहो, वाकून बघू नका! बसा म्हटलं ना.

फाटक वाजलं. आली वाटतं.

"काका, उतरा खाली! एक चक्कर मारून आणते!"

थांब गं पोरी... तिथेच थांब. पुढे येऊ नकोस...

ऐकलंत? आत्ता, खालून? "सोड" म्हणाला ना तो? तुमचा चेहराच सांगतोय. मग एवढंच सांगा, पाया पडतो तुमच्या, खरं सांगा... त्याच्या आधी पाना फिरल्याचा आवाज आला का?