डबा वाजेपर्यंत

मोजणीदार पहिल्याच दिवशी चिखलात रुतला, आणि धाकटीने त्याला प्रथम पाहिलं ते तसंच... एक बूट पायात, दुसरा वाफ्यात.

कालव्यावर पाणी मोजायला नवा माणूस आलाय, एवढं तिच्या कानावर होतं. मोजणीदार म्हटल्यावर कोणी पोक्त, कपाळाला आठ्या घातलेला गृहस्थ असणार, असं तिने धरून ठेवलेलं. हा तर तरणाताठा निघाला. हातात लाल-पांढरे पट्टे मारलेली उंच पट्टी, आणि चेहरा असा, की रुतणं हाही जणू नोकरीचाच भाग.

"वॉटरलॉग्ड," तो स्वतःशीच पुटपुटला.

"म्हणजे?"

त्याने दचकून मान वर केली. बांधावर फावडं टेकून उभी असलेली मुलगी त्याला आता दिसली.

"म्हणजे... मी आत्ता जिथे उभा आहे, ते."

धाकटीला हसू आवरेना. तिने फावड्याचा दांडा पुढे केला, तो धरून तो वर आला. बूट मात्र तिलाच उपसून काढावा लागला. पाटाच्या पाण्यात तो खळबळून धुताना ती तो नवा शब्द तोंडात घोळवत राहिली. कारण असले शब्द तिला हवेच होते.

झालं होतं असं, की वस्तीबाहेर मोठी काचेची रोपघरं उभी राहत होती, आणि तिथे पाण्यावर देखरेख करायला माणूस हवा होता. काम धाकटीच्या हातचा मळ. तिला लहानपणापासून सांभाळणाऱ्या आत्याबरोबर ती जमिनीची एक लांबट पट्टी कसत होती. कुठल्या भाजीला कधी तहान लागते, हे तिला पानं बघून कळायचं. पण मुलाखत इंग्रजीत होती. धाकटीचं इंग्रजी शाळेतलं. ताप आला म्हणून रजा द्यावी, असा अर्ज ती झोपेतही लिहू शकली असती. पण सरीला काय म्हणतात, पाझराला काय म्हणतात, ते त्या अर्जात कुठून येणार? निवड झाली तर वर्षभर दूरच्या शहरात शिक्षण, मग कायमची नोकरी. तिला ती मनापासून हवी होती.

मोजणीदाराला पाण्याची सगळी पुस्तकं इंग्रजीतून पाठ. बुटाची परतफेड म्हणून शिकवतो, म्हणाला.

शिकवणीची वेळ पाण्यानेच ठरवून दिली. शेताच्या वरच्या टोकाला, कालव्याच्या काठी, चक्रीने वर-खाली होणारं लोखंडी दार होतं. कालव्याच्या पाण्याची त्यांची पाळी असेल त्या दिवशी सकाळी धाकटी ते उघडायची. पाणी पाटाने निघायचं, एकेक सरी भरत खाली उतरायचं आणि शेवटी पार शेपटाला, घराजवळ, आत्याच्या रोपांच्या वाफ्यांत पोचायचं. तिथे आत्या बसलेली असे. पाणी आलं, की ती पत्र्याचा डबा बडवायची. डबा वाजला की दार बंद, मोजणीदार पट्टी खांद्यावर टाकून पुढच्या दाराकडे. दार उघडल्यापासून डबा वाजेपर्यंत, तेवढाच काय तो वर्ग.

सरी म्हणजे फरो. पाझर म्हणजे सीपेज. कालव्याचं दार ते स्लूस गेट, आणि शेपटाकडची बिचारी मंडळी ती टेल-एंडर्स. धाकटी शब्द म्हणे, तो दुरुस्त करी, ती मुद्दाम पुन्हा चुकवी. चुकल्यावर त्याच्या डाव्या भुवईला एक छोटीशी गाठ पडायची, आणि ती बघायला धाकटीला फार आवडायचं.

एकदा उन्हात मान टाकलेल्या वांग्याच्या रोपाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हे विल्टिंग. वेळेवर पाणी मिळालं की मान वर करतं. तोवर ते टेम्पररी."

"आणि नाही मिळालं वेळेवर?"

"मग परमनंट. मग कालवा ओतलात तरी उपयोग नाही."

"माणसांचंही असतं का हो असं?" तिने अगदी साळसूदपणे विचारलं.

तो काहीतरी बोलणार होता... तेवढ्यात खाली डबा वाजला. आत्याचा डबा हा असा. नको तेव्हा हटकून वाजणारा.

पुढच्या पाळीला तो कालव्यातली पातळी बघायला वळला, तेव्हा धाकटीने चक्री हळूच अर्धा फेरा खाली फिरवली. अर्धाच. पाणी जरा रमतगमत गेलं, डबा जरा उशिरा वाजला, आणि तिला पुरे पाच शब्द जास्त मिळाले. चटक लागायला आणखी काय लागतं? मग प्रत्येक पाळीला तिचा अर्धा फेरा ठरलेला. पाणी हल्ली फारच गोगलगायीसारखं चाललंय, असं तिला वाटे खरं. एवढ्याशा फेऱ्याने इतका फरक पडावा, याचं नवलही वाटे. पण नशीब उघडलंय म्हटल्यावर कारण कोण विचारतं?

मुलाखत जवळ येऊ लागली, तशी तिची जीभ जड झाली. येत असलेले शब्दही अडखळू लागले. नापास झालो तर इथेच राहू, हा विचार पहिल्यांदा आला तेव्हा तिने तो माशीसारखा हाकलला. दुसऱ्यांदा आला, तेव्हा बसू दिला.

शेवटच्या पाळीला तिने अर्ध्याऐवजी अख्खा फेरा दिला. त्या दिवशी शब्द थोडेच झाले. रोपघरात गेल्यावर ऊन डोक्यावर घेऊ नका, असं काहीबाही तो सांगत होता. तिथे डोक्यावर काच असते, असं ती त्याला सांगत होती. ऊन वर चढलं. डबा वाजला नाही, आणि तो वाजला नाही हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

आली ती आत्याच. एका हातात डबा, दुसऱ्या हातात मातीसकट उचललेलं रोप, तीन ठिकाणी वाकलेलं.

"सगळ्या वाफ्यांनी माना टाकल्यात," ती म्हणाली. मग तिची नजर दाराकडे गेली. खाली जेमतेम बोटभर फट उरली होती. "दार कुणी पाडलं?"

"मी," धाकटी म्हणाली.

"मी," मोजणीदार म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग तो खाली बघून म्हणाला, "तुम्ही सरीत पाणी वळवायला गेलात की... दर पाळीला."

"आणि मी, तुम्ही पातळी बघायला वळलात की."

आत्याने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "आणि मी मेली खाली बसून कालव्याला शिव्या घालत्ये," ती म्हणाली. "एकाने पाडलं असतं तर फावड्याने बडवलं असतं. दोघांनी पाडलंय तर दोघं मिळून उचला. आधी पाणी. मग काय ते हसणं-रडणं."

दोघांनी चक्री धरली. दोन हात एकावर एक आले, तेही आत्याच्या देखत. पाणी धो-धो सुटलं आणि तिघं फावडी घेऊन पाटाच्या कडेने त्याच्या मागे धावली. उन्हं कलेपर्यंत रोपांनी एकेक करत माना वर केल्या. मगच आत्या घरात गेली. जाताना मात्र भाचीला ऐकवून गेली, की पाणी अडवलं म्हणून माणूस थांबत नसतो, रोपं तेवढी सुकतात.

वाफ्याच्या कडेला दोघंच राहिली. धाकटीने खालच्या मानेने सांगून टाकलं, की तिच्या मनात नापास व्हायचं होतं.

त्याने हातातलं फावडं बांधाला टेकवलं. मग म्हणाला, "तुम्ही जायचं. माझी बदली इतक्यात नाही. शब्द सगळे शिकवून झाले, एक राहिलाय. तो आपल्याच भाषेतला आहे. आल्यावर सांगेन."

"आत्ता सांगितलात तर?"

"तर तुम्ही जाणार नाही."

"एवढी खात्री?"

"छे. तुमची नाही... माझी. मीच जाऊ देणार नाही."

मुलाखतीत विचारलं गेलं, शेपटाला पाणी पोचत नसेल तर प्रथम काय तपासाल? धाकटी न अडखळता इंग्रजीत म्हणाली, प्रथम दाराशी जाऊन तिथे कोण बसलंय ते बघेन. समोरची माणसं हसली. मग तिने पाझर, गाळ, फुटलेले बांध, सगळं रीतसर सांगितलं. निवड झाली.

वर्षभर पाळ्या येत राहिल्या. दार पूर्ण उघडं असायचं आणि पाणी असं तडक यायचं, की आत्याला धड टेकायलाही मिळत नसे. पाणी एवढं घाईने आलेलं काही खरं नाही, असं ती शेजारणीला सांगायची.

धाकटी परतली ती नेमकी पाळीच्या सकाळी. पिशवी बांधावर टाकून ती थेट दाराशी गेली. मोजणीदार तिथेच होता. बूट या खेपेला दोन्ही पायांत होते. बोलायचं तर सगळं वर्षभर ठरवून ठेवलेलं, आणि आता त्याला पट्टी कुठल्या हातात धरावी तेही सुचेना.

"शिकवणी अर्धी राहिली होती," ती म्हणाली.

"एकच शब्द..."

"थांबा." तिने चक्री धरली आणि त्याच्या डोळ्यांदेखत, चांगले दोन फेरे खाली फिरवली. "घाईने नाही ऐकायचा मला."

त्याने सांगितला. सावकाश सांगितला. तिने मुद्दाम चुकवला, त्याने पुन्हा सांगितला, आणि भुवईला ती गाठ पडली.

खाली शेपटाला पाणी केव्हा पोचलं, कुणास ठाऊक. आत्याने रोपांना पहाटेच झारीने पाणी घालून ठेवलं होतं. डबाही तिने आज बाहेर काढलाच नव्हता.