मानाचं इंजिन

टेबलावर इंजिन सुटं करून मांडलेलं होतं आणि त्यात काहीही बिघडलेलं नव्हतं. डॉ. मृणाल आगवेकरला नेमकं हेच नको होतं. दट्ट्या चकचकीत, झडपा जागच्या जागी, आणि सिलिंडरच्या आतलं जिवंत अस्तर तर इतकं नितळ, की त्यावरून बोट फिरवायचा मोह व्हावा. ताम्हिणी घाटात ऐन चढावर बंद पडून एका बाईचा जीव घेणारं इंजिन असं दिसतं? पण अलीकडे उघडलेलं प्रत्येक इंजिन असंच दिसत होतं. सगळ्या गाड्या चाकणच्या कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, सगळ्या चढावर अचानक थांबलेल्या, आणि टोचन करून आणल्यावर पहिल्याच चावीला सुरू झालेल्या.

“म्हणजे ड्रायव्हरनेच थांबवली असणार,” मुख्य अभियंता दिगंबर कुलथे म्हणाले.

“इतक्या ड्रायव्हरांनी? तेही चढावरच?”

“मॅडम, इंजिन तुमच्यासमोर आहे. खोट दाखवा, मी मान्य करतो.”

कुलथे वाईट माणूस नव्हते. पण हा कारखाना त्यांनी माळरानावर पहिल्या खांबापासून उभा केला होता, आणि आपलं पोरच व्रात्य निघालं हे कोणता बाप पहिल्या तक्रारीला कबूल करतो?

वीजगाड्यांनी शहरं काबीज केली होती, तरी घाटमाथ्यावरच्या वाड्यावस्त्यांना अजून डिझेलचीच रुग्णवाहिका लागे. तिकडे वीज पावसाबरोबर जाई आणि उन्हाबरोबर परत येईलच असं नसे. या गाड्यांसाठी कारखान्याने जिवंत अस्तर काढलं होतं. कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांतून मृणालनेच ते सूक्ष्मजीव शोधून आणले होते. सिलिंडरच्या भिंतीवर त्यांचा थर वाढवायचा. त्यांनी काजळी खायची आणि बदल्यात काचेसारखा कठीण लेप सोडायचा. झीज झाली की लेप आपोआप भरून येई. आठ वर्षं सगळं सुरळीत चाललं, आणि आता हे निस्तरायची वेळ आली होती.

ज्याच्यावर खापर फुटलं होतं, तो किसन मरगळे जामिनावर सुटून कारखान्यात जबाब द्यायला आला होता. चाळिशीचा, मुळशीकडचा, हात सतत एकमेकांत गुंतवून बसणारा माणूस. त्याच्या रुग्णवाहिकेत दगावलेली बाई त्याची सख्खी चुलती होती. तिचा मुलगा बबन आणि किसन यांच्यात शेताच्या बांधावरून जुनं भांडण होतं, आणि त्या सूडापायी किसनने मुद्दाम गाडी थांबवली, अशी बबनने पोलिसांत तक्रार दिली होती. गाडीत दोष नाही असं कारखान्याने लिहून दिलं, की किसनवर सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहणार होता.

“म्या गाडी थांबिवली न्हाय, म्याडम,” किसन म्हणाला. “चढावर ती जडावत गेली. मागनं कुणी धरून ठिवल्यावानी. मंग गपगार.”

“पुन्हा चावी फिरवून पाहिलीत?”

“लई येळा. चुलती मागं तोंडानं श्वास घेत व्हती. तिनंच मला अंगाखांद्यावर वाढिवलं. भांडान बबनशी व्हतं, तिच्याशी न्हाय. आता घरातली बी माझ्या ताटाकडं बघत्यात, तोंडाकडं बघत न्हाईत.”

पुरावा नसताना मृणालने त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि पुरावा नसताना विश्वास ठेवल्याचा शास्त्रज्ञ म्हणून तिला रागही आला. त्या रागातच ती कामाला लागली.

तिने एक नवं इंजिन चाचणीमंचावर चढवलं आणि त्याच्यावर घाटाच्या चढाएवढा भार टाकला. बराच वेळ ते बिनतक्रार चाललं. मग त्याचा आवाज जडावला, आणि ते थांबलं. सहायकाने नियमाप्रमाणे पंखे लावले, कारण गार झाल्याशिवाय इंजिन उघडायचं नाही ही कारखान्याची शिस्त होती. तापलेल्या तेलाने एकदा कुणाचा तरी हात भाजला होता, तेव्हापासून सगळे ती काटेकोर पाळत.

“पंखे बंद करा,” मृणाल म्हणाली. “आत्ता उघडायचंय.”

जाड हातमोजे घालून तिने खालचं झाकण सोडवलं. तेल सांडलंच नाही. ते झाकणाला चिकटून लोंबत राहिलं, पुस्तकं बांधायला शिजवतात त्या खळीसारखं. ती समोर बसून बघत राहिली. इंजिन निवत गेलं तशी खळ विरघळली, आणि शेवटी झाकणात साधं, स्वच्छ तेल उरलं. आजवर उघडलेल्या प्रत्येक इंजिनात त्यांनी तेवढंच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने कुलथ्यांसमोर तोच प्रयोग पुन्हा केला.

“इंजिन बिघडत नाहीये, साहेब,” मृणाल म्हणाली. “त्याचं अस्तर स्वतःला जपतंय. ताप आणि भार फार वेळ राहिला की सूक्ष्मजीव तेलात एक चिकट द्रव सोडतात. तेल घट्ट होतं, इंजिन थांबतं, झीज थांबते. निवलं की तो द्रव विरून जातो.”

“झऱ्यातून आणले तेव्हा हे करत नव्हते ना? मग आता हे त्यांना शिकवलं कुणी?”

“आपण. खंडेनवमीला.”

कुलथ्यांना आधी ती थट्टा वाटली. पण मृणालच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

दर खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होई. वर्षभरात तपासणीसाठी परत आलेल्या इंजिनांपैकी ज्याचं अस्तर सगळ्यात जाड आणि अखंड, ते त्या वर्षीचं मानाचं इंजिन. त्याला झेंडूची माळ, हळदीकुंकू, पुढे नारळ. मग त्याच्या अस्तराचा कीस काढून तो पोषणटाकीत सोडायचा. त्याला कामगार विरजण म्हणत. पुढच्या वर्षीच्या सगळ्या गाड्यांना लागणारं अस्तर त्या विरजणातून वाढे. मानाच्या इंजिनाला कुंकू लावायचा मान आठही वर्षं मृणालचा होता.

“अस्तर जाड कुठे राहतं?” ती म्हणाली. “जे झिजलं नाही तिथे. आणि झिजत कोण नाही? जे कष्टाच्या वेळी बसकण मारतं. आपल्याला वाटलं आपण दणकट वाण निवडतोय. आपण दरवर्षी कामचुकारातला कामचुकार निवडून त्याला माळ घालत होतो.”

“पण एवढी अक्कल त्या जीवांना?”

“अक्कल कसली! त्यांना काही कळत नाही. ज्यांनी तेल घट्ट केलं त्यांचं अस्तर टिकलं, आणि टिकलं त्याचं विरजण झालं. आपण जे मोजतो तेच वाढतं, साहेब. मोजताना आपल्या मनात काय होतं ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही.”

कुलथ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “मी लिहून देतो,” ते म्हणाले. “त्या ड्रायव्हरचा काही दोष नाही म्हणून. वर काय सांगायचं ते मी बघतो.” मृणालला त्या क्षणी त्यांच्याविषयी फार आदर वाटला.

आता अस्तर सुधारायचं होतं, आणि तेही लवकर. पावसाळ्यात दरडी कोसळल्या की घाटातल्या गावांना रुग्णवाहिकेशिवाय दुसरा आधार नसे. झऱ्यावरचे मूळ जीव पुन्हा आणायचे, तर तिथे आता पर्यटकांसाठी फरशी बसवून तेलसाबणाचं स्नानगृह केलेलं, त्यात ते जीव उरले नव्हते. तेव्हा हाताशी होतं त्यातूनच नवा वाण काढणं भाग होतं.

“यापुढे जाडी मोजायची नाही,” मृणालने सांगितलं. “काम मोजायचं.”

चाचणीमंचावर इंजिनांची रांग लागली. सगळ्यांवर घाटाचा भार. जे थांबेल ते बाद. खंडेनवमीची वाट न बघता दर आठवड्याला नवं मानाचं इंजिन निवडायचं आणि त्याचं विरजण पुढच्या रांगेला लावायचं. थोड्याच फेऱ्यांत थांबणारी इंजिनं संपली. भार वाढवला तरी सगळी चालतच राहिली, आणि मग एक गोड अडचण उभी राहिली: सगळीच पास झाली तर मान कुणाला?

“सोपं आहे,” कुलथे म्हणाले. “शेवटी सगळ्यांचं इंधन एकदम तोडायचं. ज्याच्यात घर्षण सगळ्यात कमी, ते आपल्या वेगाने सगळ्यात जास्त वेळ फिरत राहील. शेवटी थांबेल ते मानाचं.”

मृणालला ते पटलं. कमी घर्षण म्हणजे कमी झीज, आणि आता कुणाला काम टाळूनही जिंकता येणार नव्हतं. कामगारांना तर हा खेळच मिळाला. इंधन तोडलं की सगळे मंचाभोवती गोळा होत, मिसळीच्या पैजा लागत, आणि शेवटचं इंजिन फिरत राही तोवर टाळ्या पडत. प्रत्येक फेरीत विजेतं इंजिन आधीच्यापेक्षा जास्त वेळ फिरे. आपण घर्षणच नाहीसं करत आणलंय, असं कुलथे सगळ्यांना सांगत, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा खुललेला दिसे.

किसनवरची तक्रार निकालात निघाली. नव्या अस्तराच्या गाड्या पावसाआधी सगळ्या घाटांत रवाना झाल्या, आणि पहिली गाडी किसनच्या हाती द्यायची असं कुलथ्यांनीच ठरवलं. ती न्यायला किसनबरोबर बबनही आला होता. दोघं एकमेकांशी फारसं बोलले नाहीत, पण गाडीला हार बबनने बांधला आणि चाकाखाली लिंबू किसनने ठेवलं. आईच्या मासिक श्राद्धाला एका पंगतीला जेवलो, एवढं बबनने मृणालला आपणहून सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या सगळ्या तपासात तिला मिळालेलं खरं बक्षीस ते होतं.

किसनचा फोन आला तेव्हा दुपारची वेळ होती आणि मृणाल प्रयोगशाळेत होती. आधी नुसता एक चढत जाणारा आवाज ऐकू आला. मग किसन ओरडला, “म्याडम, गाडी बंद व्हईना!”

“बंद होईना म्हणजे?”

“चावी काढलीया. माझ्या हातात हाय चावी. तरी बी चालतीया, आन आवाज वाढत चाललाय.”

“धूर कसा आहे?”

“निळा. समदं अंगण निळं झालंय.”

निळा धूर म्हणजे तेल जळतंय. चावीने फक्त डिझेल बंद होतं, पण इंजिन आता डिझेलवर चालतच नव्हतं. तापलेलं अस्तर खालचं तेल वर ओढून सिलिंडरमध्ये सोडत होतं. मंचावर इंधन तोडल्यावर शेवटपर्यंत फिरत राहिलेल्या इंजिनांत घर्षण कमी नव्हतं. ती आपलंच तेल पिऊन चालत होती, आणि जे जास्त पीत होतं त्याला टाळ्या मिळाल्या होत्या. तिने स्वतःच टाळ्या वाजवल्या होत्या. इंधन तोडल्यावर कोण थांबत नाही एवढंच त्यांनी आठवड्यामागून आठवडे मोजलं होतं, आणि तेच वाढलं होतं. तेल संपेपर्यंत वेग चढत जाणार आणि मग इंजिन फुटणार.

“किसनराव, गाडीपासून लांब व्हा. बॉनेटला हात लावू नका. सगळ्यांना लांब न्या.”

“आवो, बबनच्या दारात हाय मी! त्याच्या बायकूला सकाळधरनं कळा लागल्यात. प्वार आडवं हाय म्हंत्यात आशाताई, लगोलग हलवा म्हंत्यात. बबन तिला उचलून घिऊन आलाय. चालत्या गाडीतच आत घिऊ का?”

“दुसरी गाडी बोलवा. तालुक्याची.”

“ती बी आपलीच हाय, म्याडम. नवीच.”

तिला ते माहीत होतं. पाठवलेल्या गाड्यांच्या यादीवर तिचीच सही होती. मागे बबन किसनच्या नावाने हाका मारत होता, दार उघड म्हणत होता, आणि एक बाई कण्हत होती.

“लवकर सांगा. घिऊ का नको?”

“नको,” मृणाल म्हणाली.

किसनने फोन बाजूला धरून बबनला मागे व्हायला सांगितलं, तिला गाडीत घ्यायची नाही म्हणून सांगितलं. पलीकडून बबनचा आवाज आला. “आई नेलीस, आता हिला बी न्यायची न्हाय म्हंतोस व्हय रं?”

“म्याडम, तुमी सांगा त्याला,” किसन रडकुंडीला आला होता. “माझं न्हाय ऐकायचा त्यो.”

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

“बबनराव, मी कारखान्यातून आगवेकर बोलतेय. किसनरावांचा यात काही दोष नाही. दोष आमचा आहे. गाडी फुटेल, वहिनींना तिच्यात घालू नका.”

“बरं,” बबन म्हणाला. एवढ्या गोंगाटातही त्याचा आवाज एकदम खाली आला. “न्हाय घालत. मंग हिला न्यायची कशातनं?”

फोनमध्ये इंजिन चालूच होतं.