तिसरी डहाळी

ओजस झाल्यापासून हर्षालीने डोंगर पाहिला होता तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून, दोन इमारतींच्या फटीत मावेल तेवढाच. म्हणून सप्टेंबरातल्या एका रविवारी महेशने गाडी पेठ रस्त्याला वळवली, तेव्हा ती लहान मुलीसारखी काचेला नाक लावून बसली. मांडीवर ओजस. त्याच्या पायात आजीने विणलेले पांढरे लोकरी मोजे होते. ते दिवसभर काढायचे नाहीत, अशी ताकीद फोनवर होऊन गेली होती.

त्याला दहावा महिना लागला होता. अजून तो उभा राहत नव्हता. खाली नुकतेच दोन दात उगवले होते आणि हाती लागेल त्या वस्तूवर तो ते चालवून बघत होता. हर्षालीच्या खांद्यावरही दोन बारीक वळ होते. ते तिला आवडायचे.

डोंगराच्या पायथ्याला पाडा होता. तिथे फुलाबाईंकडे सांगून ठेवलेलं जेवण होतं, नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. फुलाबाईंनी ओजसला चुलीजवळ मांडीवर घेतलं, त्याच्या हातात भाकरीचा पापुद्रा दिला.

"याला दोन दात आन् भूक बघा कशी, बापावर गेलाय," त्या म्हणाल्या. महेशच्या ताटात तेव्हा चौथी भाकरी होती.

निघताना त्यांनी सांगितलं, "खिंडीत दगडांची रास हाय. तिथं डहाळी ठेवायची. ज्यानं त्यानं आपली. उतरताना आपली उचलून आनायची. दुसऱ्याची हात लावायची नाय."

"कशासाठी, मावशी?" हर्षालीने विचारलं.

"वर किती गेले, खाली किती आले, कळाया नको?"

"कुणाला?"

फुलाबाईंनी तवा उतरवला. "लेकराचीबी ठेव," एवढंच म्हणाल्या.

चढ सोपा होता. दोन्ही अंगांनी सोनकी फुलली होती, पिवळी, नजर पोचेल तिथवर. ओजस महेशच्या पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बसून प्रत्येक फुलपाखराशी भांडत होता. खिंडीत खरंच रास होती, गुडघ्याएवढी, वर वाळक्या काटक्या. महेशने निरगुडीच्या दोन डहाळ्या मोडल्या.

"ओजसची?" हर्षाली म्हणाली.

"तो कुठे चालतोय? तो सामान आहे. पुढच्या वर्षी स्वतः चढेल, तेव्हा स्वतःची ठेवेल."

ती हसली. तिचे हात ओजसची टोपी बांधण्यात गुंतले होते. दोनच डहाळ्या ठेवल्या गेल्या.

माथ्यावर सपाटी होती. तिने सतरंजी अंथरली, ओजसला पाजलं, बसवलं. महेश कड्याकडे फोटो काढायला गेला. ती थर्मासचं झाकण लावायला वळली आणि ढग आला.

असे ढग इथे येतातच. पांढरं झालं. सतरंजीची कडसुद्धा दिसेना. ओजसची बडबड तेवढी ऐकू येत होती, बा बा बा. मग ती थोडी लांबून आली. मग थांबली.

"ओजस?"

तिने हात पुढे केला. सतरंजी थंड होती.

ढग गेला तेव्हा तो जिथे बसवला होता तिथेच बसलेला होता. मोजे पायात, टोपी डोक्यावर. तिच्याकडे एकटक बघत होता. हर्षालीने त्याला छातीशी धरलं, टाळूचा वास घेतला. रोज दुधाचा यायचा, तिथे आत्ता ओल्या दगडाचा येत होता. ढगातून निघालाय, असेल, असं तिने मनाशी ठरवलं.

उतरताना कॅरिअर तिच्या पाठीवर होतं. तो एकदाही बडबडला नाही. झोपलाय, असं तिला वाटलं. मानेवर त्याचा श्वास लागत नव्हता, म्हणून तिने मान वळवून पाहिलं. डोळे उघडे होते.

खिंडीत महेशने दोन्ही डहाळ्या उचलल्या.

राशीवर तिसरी होती.

बोटाएवढी. निरगुडीचीच, ताजी. टोक ओलं होतं आणि सालीवर बारीक खुणा होत्या. शेजारी शेजारी. दोन.

हर्षाली खाली वाकली.

"ए, दुसऱ्याची घ्यायची नाही ना?" महेश म्हणाला.

"महेश, हे बघ ना, दात..."

"उंदीर असेल गं. चल, पाऊस येईल."

तिचा हात हवेत राहिला. पाठीवर कॅरिअरचं वजन होतं. बाळ पाठीवर आहे, मग ही काडी कुणाची असणार? असा साधा हिशेब तिने केला आणि हात मागे घेतला.

खिंडीतून वळताना मागे काहीतरी आवाज झाला. बा, असा. वारा असावा. ती थांबली नाही.

पाड्यावर फुलाबाई दारातच उभ्या होत्या.

"तिन्ही आनल्या?"

"आम्ही दोनच ठेवल्या होत्या," महेश म्हणाला.

फुलाबाईंनी ओजसकडे पाहिलं. बराच वेळ. मग हात आडवा धरून त्यांनी दार अडवलं.

"आत नका आनू. धूर हाय."

चूल विझलेली दिसत होती.

घरी पोचल्यावर हर्षालीने कोमट पाणी काढलं. वाटेत त्याने दूध घेतलं नव्हतं, रडलाही नव्हता. तिने त्याला टबाच्या काठावर टेकवलं, मोजे काढले. मोजे आतून पांढरेशुभ्र होते. एक डाग नव्हता.

तिने तळवे हातात घेतले.

ते कडक होते. टाचांना भेगा होत्या. भेगांत लाल माती बसली होती, जुनी, घट्ट.

"रडतोय का गं?" महेशने बाहेरून विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

तिने पाणी ओतलं. अंगठ्याने माती चोळली. माती निघाली नाही. त्याने पाय सोडवून घेतले, फरशीवर टेकवले आणि कशाचाही आधार न घेता दाराकडे चालू लागला.