भीतीची रेघ

लाटकुंडाची यंत्रं थांबली आणि पाणी हळूहळू सपाट झालं. सागर-सुरक्षा प्रयोगशाळेतल्या त्या तीस मीटर लांब हौदाच्या कडेला विद्याधर पराडकर उभा होता. लवूकाका तारी कुंडातून बाहेर आले, पण ते त्याच्याकडे आलेच नाहीत. अंगातून पाणी निथळत असतानाच ते सरळ मृण्मयी दाभोळेकडे गेले.

"ह्यां जाकीट आंगावर आसा ता कळणाच नाय गो," ते म्हणाले.

विद्याधरने त्यांच्यासाठी धरलेला टॉवेल कठड्यावर ठेवून दिला.

किनाऱ्यापासून पाच मैलांच्या आत इंजिनाच्या होड्यांना बंदी आल्यापासून इथली मासेमारी कयाकवर आली होती. माणूस एकटाच, हातात वल्हं, पाण्यापासून वीतभर उंचीवर बसलेला. पडला तर होडी उलटी आणि हाकेच्या अंतरावर कुणी नाही. कयाकवाल्यांच्या संस्थेला आपल्या बाराशे सभासदांसाठी एकच जीवरक्षक जॅकेट निवडायचं होतं. आलेल्या नमुन्यांतली दोन शेवटपर्यंत टिकली. एक विद्याधरचं फोमचं 'कवच', दुसरं मृण्मयीचं 'भयवेधी'. निवड लवूकाकांच्या शब्दावर होणार होती, कारण बासष्ट वर्षांच्या त्या माणसाइतका समुद्र त्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हता.

'कवच' म्हणजे अर्धे लवूकाकाच होते. पाठीचा फोम बैठकीच्या टेकूवर अडतो म्हणून त्यांनी तक्रार केली, तेव्हा विद्याधरने तो खांद्यापर्यंत वर चढवला होता. वल्हं मारताना काखा सोलतात म्हणून बाह्या कापल्या. पक्कड हाताशी हवी म्हणून छातीवर खिसा आला. अकरा वर्षं हे असंच चाललं. काका प्रयोगशाळेत यायचे ते कालवांचा डबा घेऊन, आणि तो डबा विद्याधरच्या टेबलावर उघडायचा. गेल्या दोन महिन्यांपासून डबा मृण्मयीच्या टेबलावर उघडत होता. परवा तिनेच हाक मारली होती, "सर, या ना, तुम्हीपण घ्या." तुम्हीपण! विद्याधरने पोट बिघडल्याचं सांगितलं आणि खोलीत जाऊन कोरडी बिस्किटं खाल्ली.

"पाणी लागल्यावर फुगणारी जॅकेटं कयाकवर कुचकामी," काका कपडे बदलायला गेल्यावर मृण्मयी म्हणाली. "तिथे माणूस सतत भिजलेलाच असतो. एखादी लाट अंगावर आली की जॅकेट फुगणार."

"म्हणून तर फोम," विद्याधर म्हणाला. "फोमला काही ठरवावंच लागत नाही."

"पण उन्हात आठ तास जाड फोम कोण घालतं, सर? काढून पायाशी ठेवतात आणि तसेच बुडतात. माझं जॅकेट पट्ट्याएवढं पातळ आहे. त्याला पाणी कळत नाही, भीती कळते. माणूस पडायच्या आधीच त्याच्या शरीराला पडण्याची चाहूल लागते. कातडीची विद्युतवाहकता बदलते, नाडी उसळते, बरगड्यांचे स्नायू आवळतात. हे सगळं मनाला कळायच्या आत होतं. भयवेधीतला संवेदक तेवढंच ओळखतो."

"दमल्यावरही नाडी उसळते. रागातही."

"त्यांच्या खुणा वेगळ्या असतात. म्हणून तर प्रत्येकाला कुंडात तीनदा पाडून त्याची स्वतःची भीती जॅकेटला शिकवलीय. तुमचीसुद्धा. त्रेचाळीस माणसं, एकशे एकोणतीस वेळा पडली. एकदाही चुकलं नाही."

तिच्या आवाजात जराही फुशारकी नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागलं.

त्या दुपारी विद्याधर एकटा नोंदी चाळत बसला. चूक सापडावी म्हणूनच बसला होता तो. मृण्मयीने प्रत्येक चाचणीत जॅकेट फुगलं की नाही एवढंच पाहिलं होतं. त्याने प्रत्येकाची रेघ वेगळी काढली. बहुतेकांच्या रेघेवर पडण्याच्या क्षणी तीनही वेळा डोंगर उभा होता. लवूकाकांचा पहिला डोंगर मध्यम होता, दुसरा टेकडीएवढा. तिसऱ्या वेळी जॅकेट फुगलं होतं ते मर्यादारेषेला जेमतेम शिवून.

त्याला अर्थ कळायला वेळ लागला नाही. सिमेंटचा हौद आणि यंत्राच्या लाटा काकांना परक्या होत्या, म्हणून ते बिचकले. तिसऱ्या खेपेला हौदही सवयीचा झाला. समुद्रात तर ते घरीच असणार होते. हजार वेळा पाण्यात पडलेला माणूस पाण्याला भीत नाही. आणि जो भीत नाही, त्याचं जॅकेट फुगणार नाही.

भयवेधीची सागरी चाचणी परवा होती. पलीकडच्या खोलीत मृण्मयी काकांशी हसत बोलत होती. चार पावलं चालून जायचं आणि कागद पुढे ठेवायचा, एवढंच काम होतं. विद्याधरने नोंदी बंद केल्या. काका पट्टीचे पोहणारे, समुद्र शांत, मदतीची होडी जवळच. जॅकेट फुगणार नाही, काका पोहत वर येतील, शिवी हासडतील आणि ते पट्ट्याएवढं जॅकेट काढून फेकतील. मग परत येतील आपल्याकडे. यात कुणाचं काय वाईट होणार होतं?

चाचणीच्या सकाळी पाणी तेलासारखं शांत होतं. नियमाप्रमाणे पाण्यावरच्या प्रत्येकाने चाचणीतलंच जॅकेट घालायचं होतं, म्हणून विद्याधरच्या अंगावरही भयवेधीच होतं. मृण्मयी मदतीच्या होडीतून नोंदी घेत होती. विद्याधर दुसऱ्या कयाकवर होता. त्याच्यापासून वीस हातांवर काका गळ टाकून बसले होते, जुनं काहीतरी गुणगुणत.

दोरी ताणली गेली. काठी वाकली.

"सुरमय!" काका ओरडले. "वढ बघ तिची!"

कयाक कलली. काका मजेत पलीकडे झुकले, एका हाताला दोरीचा वेढा घेत. त्यांच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. तो हसरा चेहरा विद्याधरने पाहिला मात्र, आणि त्याच्या छातीवर धाडकन आवाज झाला. जॅकेट फुगून त्याच्या हनुवटीला टेकलं होतं.

"सर, काय झालं?" मृण्मयीने होडीतून विचारलं.

"फुगलं! उगीचच फुगलं!" तो म्हणाला, आणि त्या क्षणीही त्याला आत कुठेतरी बरं वाटलं.

काका मान वळवून हसले आणि पुन्हा माशाकडे वळले. मासा कयाकखालून उलटा फिरला. दोरीने काकांचा हात खाली खेचला, कयाक पालथी झाली आणि तिची कडा त्यांच्या कानशिलावर बसली.

ते पाण्यात गेले. त्यांचं जॅकेट फुगलं नाही. ते वरही आले नाहीत.

विद्याधरने वल्ह्यासकट उडी मारली आणि पालथ्या कयाकपाशी पोचला. फुगलेलं जॅकेट त्याला बुडी मारू देईना. त्याने वल्हं खाली खुपसून दोरी अडकवली आणि ओढली, तळहात कापले तरी ओढतच राहिला. काकांचं मनगट हाताला लागलं. त्याने त्यांना छातीशी घेतलं, चाचपडत त्यांच्या पट्ट्यावरची, जॅकेट हाताने फुगवायची मूठ शोधली आणि हिसडली. त्यांचं जॅकेट फुगलं, आणि काका खोकत, पाणी ओकत वर तरंगले.

तासाभराने काका धक्क्यावरच्या शेडमध्ये बाकावर आडवे होते. डोक्याला पट्टी होती, पण शुद्ध पक्की. मृण्मयी शेजारी बसून पडद्यावर रेघा पाहत होती. ती रडून मोकळी झाली होती.

"काकांना भीतीच वाटली नाही," ती म्हणाली. "मी हा विचारच केला नव्हता. चूक माझी. हे जॅकेट मी मागे घेतेय." मग तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "पण सर, तुमचं उगीच फुगलेलं नाही. तुमची रेघ बघा. शुद्ध भीती आहे ही. कुंडात होती त्याच्या दुप्पट."

"काका पडले म्हणून—"

"काका पडायच्या अकरा सेकंद आधी. तेव्हा तर मासा नुसता लागला होता. आम्ही सगळे हसत होतो." तिने मान वर केली. "तुम्ही कशाला घाबरलात?"

डोळ्यांवर ऊन आलं, तोल गेल्यासारखं वाटलं, असं काहीतरी सांगायला विद्याधरने तोंड उघडलं. जॅकेट अजून त्याच्या अंगावरच होतं. पडद्यावर त्याची रेघ सरसर वर चढू लागली. मृण्मयीने ती पाहिली, आणि त्यानेही.

मग त्याने सगळं सांगितलं. तीन डोंगर, बंद केलेल्या नोंदी, कालवांचा डबासुद्धा. मृण्मयी उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

काकांनी डोळे मिटले होते. ते बोलले, हळू, न रागावता.

"उडी मारलंस. ता इसरूचंय नाय मी." त्यांनी पट्टीवरून हात फिरवला. "पण विद्या, ह्या जाकिटान अकरा सेकंद आधी सांगल्यान. तुका दोन दिस गावले हुते."