ल्यूशसच्या तबकडीतल्या रिकाम्या जागा

पायरीवरच बसा. घरात मी आता बोलत नाही, का ते कळेलच.

माझा नवरा ल्यूशस टार्व्हर मेला तेव्हा मी रडले नाही. आमच्या मिसिसिपीतल्या चार गावांत त्याचं नाव होतं. गिटार अशी वाजवायचा की दारुडेसुद्धा गप्प बसत. माणूस मात्र नीच. जन्मात गाण्यांची एकच तबकडी काढली, तीही कुणी विकत घेतली नाही. घेणार कशी? त्यानं ओळ टाकायची अन् मी उत्तर द्यायचं, असं प्रत्येक गाणं बांधलेलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळ्यांदेखत त्यानं माझ्या थोबाडीत मारली आणि मी तडक घरी आले. दुसरी बाई घ्यावी, तर नाही. माझ्या जागा तशाच रिकाम्या ठेवून मेल्यानं तबकडी काढली.

गेल्या मंगळवारी दुपारी त्याचे कपडे वाटून टाकायला ट्रंक उघडली, तर तळाशी ती तबकडी. माझी धाकटी बहीण ओपल माझ्याकडेच राहते, चर्चमध्ये गाणं तीच धरते. तिनं हौसेनं ग्रामोफोनवर लावली. मी भेंडी चिरत होते.

ल्यूशसनं ओळ टाकली अन् थांबला. आम्हा लोकांचं कसं, कुणी ओळ टाकली की उत्तर आपसूक तोंडातून निघतं. लहानपणापासून चर्चमध्ये तेच केलेलं. ओपलनं उत्तर दिलं. गोड, मोकळं. पुढच्या ओळीनंतर तिनं तोंड उघडलं, तर आवाजच नाही. उत्तर मात्र आलं... तबकडीतून. ओपलच्याच आवाजात.

तिनं गळा धरला. सुई मागे नेऊन मी पुन्हा लावली. प्रत्येक रिकाम्या जागेत ती गात होती, आणि गाण्यागणिक तिचा आवाज रडवेला होत चालला होता. शेवटच्या जागेत ती गायलीच नाही. हळूच म्हणाली,

"ताई... मला इथून काढ."

मी ल्यूशसला नाही नाही त्या शिव्या घातल्या आणि तबकडी शेगडीच्या कडेवर आपटून फोडली. वाटलं, सुटली पोर.

ओपलनं तोंड उघडलं. आवाज घोगरा, पुरुषाचा. ल्यूशसचा.

"व्हर्डेल... आलीस का गं घरी?"

त्याच्याच गाण्यातली ओळ, माझं नाव घेऊन. मग ती थांबली, एका ओळीपुरती, माझ्याकडे बघत.

आज सहावा दिवस. खात नाही, झोपत नाही. ओळ टाकते, थांबते. उत्तर दिलं तर ओपल सुटेल की मी जाईन, देव जाणे. भीतीनं माझी जीभ उचलत नाही, आणि तिच्या हाडाची काडं झालीत.

सकाळी शेजारची मेबल कुंपणापाशी थांबली. म्हणाली, दुखवट्याच्या घरात गाणं शोभत नाही, पण कालपासून तुम्ही दोघी गाताय फार सुरेख, ओपलचा आवाज बसलाय तरी. त्यातही उत्तर देतेस ती तू.

घरात मी सहा दिवस ओठ उघडलेले नाहीत.