पाचव्या कडीचं पाणी

"पाचवी कडी!" हौदाच्या तोंडाशी पालथा पडलेला शिवराज आतूनच ओरडला. "आजबी पाचवीच!"

त्याचं डोकं हौदात होतं आणि पाय उन्हात. पायांवर प्रांजली बसली होती, कारण हौदात वाकायचं तर कुणीतरी पायांवर बसलंच पाहिजे, असा तनुजा मॅडमचा नियम होता. प्रांजली नियम पाळण्यात फार कडक. शिवराजला कळ लागली तरी ती उठायची नाही.

हौद शाळेपेक्षाही जुना. आत उतरायला भिंतीला लोखंडी कड्या होत्या, वरून खाली बारा. काल मंगळवारी टँकर रिकामा झाला तेव्हा पाणी पहिल्या कडीला टेकलं होतं. आज सकाळी चार कड्या उघड्या पडल्या होत्या आणि पाणी पाचवीवर जाऊन बसलं होतं. गेले तीन आठवडे हेच चाललं होतं. टँकर आला की हौद भरायचा आणि सकाळी एवढाच रिता व्हायचा.

त्या उन्हाळ्यात हर्सूल तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या, आणि शहराच्या या टोकाचे नळ तर पाणी म्हणजे काय तेच विसरले होते. एरवी मे महिन्यात शाळेला कुलूप असतं. पण ही शाळा वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून, स्वतः दगड-माती वाहून उभी केलेली. दुष्काळाच्या वर्षी पोरं उन्हात उपाशी भटकायला नकोत, म्हणून तनुजा मॅडमनी सुट्टीतलं शिबिर सुरू केलं. सकाळी लेझीम, मग मातीकाम, मग नाटकाची तालीम आणि दुपारी गरम खिचडी. सुट्टीत शाळा म्हणजे शिक्षा, असं शिवराज पहिल्या दिवशी म्हणाला होता. तिसऱ्या दिवशी तो फाटक उघडण्याआधी हजर होता.

अंबिकेला मात्र पहिल्या दिवसापासून हे सगळं सणासारखं वाटत होतं. तिचं घर मेंढ्यांमागे फिरणारं. आतापर्यंत तिनं चार शाळा पाहिल्या आणि चारही अर्ध्यावर सोडल्या. यंदा आई-बाप मोठा कळप घेऊन गोदाकाठी, पैठणच्या बाजूला गेले. तिचा आजा कडूबा मात्र वीस मेंढ्या ठेवून शाळेमागच्या मैदानात पाल ठोकून राहिला. "पोरीचं वर्स मोडायचं नाय," एवढंच तो म्हणाला होता. ते वाक्य अंबिकेनं मनात जपून ठेवलं होतं.

आणि नेमके आज नानासाहेब आले. ते शाळा समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, पण आधी बोलायचं आणि मग विचार करायचा, ही त्यांची जुनी सवय.

"पाण्याला काय पाय फुटलेत?" हौदात डोकावून ते म्हणाले. "मैदानात मेंढरं कुणाची आहेत? वीस तोंडं. तहानलेली. आणखी काय शोधता?"

काठी टेकत कडूबा पुढं आला. त्यानं कंबरेची पिवळी पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला आणि हात वर धरला. खंडोबाची हळद हातात घेऊन धनगर खोटं बोलत नाही, हे त्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"भंडारा उचलून सांगतो, नानासाहेब. या हौदाचा थेंब माझ्या मेंढरांनी चाखला नाय."

"शपथेनं हौद भरत नाही, कडूबा," नानासाहेब म्हणाले. "शुक्रवारी टँकर येईल. शनिवारी पाणी खाली गेलेलं दिसलं तर मेंढरं उठवायची. आणि पाण्यावाचून शिबिर तरी कसं चालवायचं? तेही बंद."

कडूबानं भंडारा सांडू न देता पुन्हा पिशवीत घातला. अंबिकेनं ते पाहिलं आणि मनात हिशोब केला. मेंढ्या उठल्या म्हणजे आजा उठणार, आणि आजा उठला म्हणजे ती. पाचवी शाळाही अर्ध्यावर.

लेझीमनंतर मॅडमनी हजेरी घेतली. "अंबिका?"

"हजर," ती इतक्या हळू म्हणाली, की मॅडमनी खात्री करायला मान वर केली.

दुपारी तिघं कडूबाच्या पालाच्या सावलीत बसली. शिवराज चोराचा शोध पोलिसी पद्धतीनं घेत होता. त्याचे वडील वाळूजला कंपनीत पाळीवर जात आणि तिथल्या वॉचमनच्या गोष्टी घरी सांगत, त्यामुळे गुन्ह्यांचं शास्त्र आपल्याला येतं असा त्याचा समज होता.

"चोर लई हुशार हाय," तो म्हणाला. "पायाचा ठसा नाय, बादलीचा ओघळ नाय."

"आणि दर वेळी पाचव्या कडीलाच थांबतो," प्रांजली म्हणाली. "चोर काय मापानं चोरतो?"

कडूबा हसला. "मेंढरू पाण्याला लागलं की पोट भरल्याबिगर तोंड उचलत नाय. खूण बघून पेणारं मेंढरू मी सत्तर वर्सांत नाय बघितलं. माणूसबी तसलाच."

"मग मापानं कोण थांबतं, आजा?" अंबिकेनं विचारलं.

"ते तू सांग. शाळंत तू जाती."

अंबिका विचार करत बसली. आज्यानं थट्टा केली असली तरी प्रश्न खरा होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडून घंटा वाजली. तिकडे जमीन उताराला लागायची आणि त्या उतारावर बद्रीनाथ शेठ चार मजली इमारत बांधत होते. तीन आठवड्यांपूर्वी जेसीबीनं पाया खणताना शाळेच्या भिंतीच्या अंगानं चक्क पाण्याची धार फुटली होती. अशा दुष्काळात! शेठनी तिथं दगड मांडला, कुंकू लावलं, घंटा टांगली. लोक घागरी आणि नारळ घेऊन येऊ लागले. खुद्द नानासाहेबही दोनदा नारळ फोडून गेले होते.

"चला, खोबरं तरी मिळंल," शिवराज म्हणाला, आणि तिघं भिंतीला वळसा घालून गेली.

पण खड्ड्यात नुसता ओला चिखल होता. शेठ खुर्ची टाकून बसले होते.

"आज नाही दिसायची गंगा," ते मोठ्या मायेनं म्हणाले. "आपलं नसीब म्हणून ती इथं आली, पण देवी आहे ती. वार पाळते. मंगळवारी आणि शुक्रवारी येते, दुपार कलली की. मग हळूहळू अंतर्धान पावते. आता या शुक्रवारी मोठी पूजा ठेवलीय. पोरांनो, तुम्हीपण या प्रसादाला."

शिवराजनं मान डोलावली. देवीचे वार मंगळवार-शुक्रवार, यात नवल काय? त्याची आईसुद्धा त्याच दिवशी उपास करायची.

अंबिका मात्र परत येताना मध्येच थांबली.

"शिवा, आपला टँकर कोणत्या वारी येतो?"

"मंगळवारी आन् शुक्र..." शिवराजचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"नानासाहेबांना आत्ताच सांगू," प्रांजली म्हणाली.

"आज्यानं भंडारा उचलला तरी त्यांनी ऐकलं नाय," अंबिका म्हणाली. "आपलं ऐकतील व्हय? आधी बघू. मग दाखवू."

गुरुवारी सकाळी प्रांजलीनं नाटकाच्या रंगपेटीतला आरसा आणला. शिवराज पुन्हा पालथा पडला, मॅडम स्वतः त्याच्या पायांशी बसल्या, आणि प्रांजलीनं उन्हाची तिरीप आरशावर झेलून हौदात सोडली. अंधाऱ्या भिंतीवरून उजेडाचा कवडसा फिरत फिरत पाचव्या कडीपाशी आला.

"भोक हाय!" शिवराजचा आवाज हौदात घुमला. "मुठीएवढं! कडीच्या मागंच, म्हणून वरून दिसत नव्हतं."

हौदाच्या पोटात भोक कशाला, हे मॅडमनाही सांगता येईना. अंबिका धावत पालाकडे गेली. कडूबानं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून तो आठवू लागला.

"हाळ," तो शेवटी म्हणाला. "भिंतीच्या पल्याड, उताराला दगडी हाळ होता, जनावरांना पाणी पाजायचा. मी तुझ्याएवढा असताना आमचा बाप तिथं मेंढरं पाजायचा. हौद बांधणाऱ्या लोकांनी वाटंच्या मुक्या जिवासाठी आतून नळ काढून ठेवला व्हता. पुढं वस्ती वाढली, वाट मोडली, हाळ मातीत गेला. नळाच्या तोंडाला लाकडी बूच ठोकलं आसंल कुणीतरी."

"आणि जेसीबीनं ते बूच उडवलं," मॅडम हळूच म्हणाल्या.

पाणी कुणी चोरलंच नव्हतं. हौदातल्या भोकाच्या वरचं तेवढं नळातून वाहून जात होतं आणि पातळी भोकाखाली उतरली की आपोआप थांबत होतं. अंबिकेला इतकं हलकं वाटलं की तिनं जवळच्या मेंढीच्या गळ्यात हात टाकला. पण नुसतं कळून भागणार नव्हतं. शेठच्या आणि नानासाहेबांच्या डोळ्यांना ते दिसायला हवं होतं.

"आजा, भंडारा दे," ती म्हणाली. "सगळी पिशवी."

कडूबानं पिशवी मुठीत घट्ट धरली. "देवाचा हाय, पोरी. खेळायला नाय."

"खेळायला नाय, आजा. खरं बोलायला."

म्हाताऱ्यानं नातीकडे एकवार पाहिलं आणि पिशवी तिच्या हातावर ठेवली.

शुक्रवारी टँकर आला. शिवराजनं भंडाऱ्याची फडक्यात बांधलेली पुरचुंडी कडूबाच्या लांब काठीच्या टोकाला अडकवली आणि काठी हातात धरून तो हौदावर पालथा पडला. पायांवर अर्थातच प्रांजली. कडूबाच्या जुन्या धोतराचा बोळाही त्यानं जवळ ठेवला होता. मॅडम भिंतीपाशी उभ्या होत्या, अंबिकेचा इशारा त्याच्यापर्यंत पोचवायला.

भिंतीपलीकडे अंबिका आणि कडूबा पूजेच्या गर्दीत मागं उभे होते. पुढं रेशमी सदऱ्यात शेठ, शेजारी नारळ घेऊन नानासाहेब. दुपार कलली आणि भिंतीच्या अंगानं पाणी झरू लागलं. घंटा वाजली, लोकांनी हात जोडले. अंबिकेनं लाल रुमाल एकदा हलवला.

मॅडमचा हात खाली आला आणि शिवराजनं पुरचुंडी पाचव्या कडीमागच्या भोकाशी धरली. नळाच्या ओढीनं हळद आत खेचली गेली. इकडे धार आधी फिकट झाली, मग केतकीसारखी पिवळी, मग पार पिवळीधम्मक.

"भंडारा!" कुणीतरी किंचाळलं. "खंडोबा प्रसन्न झाला!"

मग काय विचारता! बायाबापड्या लोटांगण घालू लागल्या. शेठच्या डोळ्यांना पाणी आलं. नानासाहेबांनी टोपी काढली आणि पिवळं पाणी कपाळाला लावलं. हे अंबिकेच्या हिशोबात नव्हतं. तिला शेठना चूक दाखवायची होती आणि झाला होता चमत्कार. गप्प राहिली असती तर मेंढ्यांचा मान आभाळाला भिडला असता. खंडोबाच्या भक्ताला मैदानातून उठवायची कुणाची छाती होती? पण हौद तर रिता होतच राहिला असता.

तिनं आज्याकडे पाहिलं. कडूबानं मान हलवली. "बोल. भंडारा तूच उचललाय."

अंबिका गर्दीतून पुढं गेली. "हा चमत्कार नाय," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "हा माझ्या आज्याचा भंडारा हाय. ही गंगा आमच्या शाळेच्या हौदातून येती. मंगळवारी आन् शुक्रवारी देवी येत नाय, आमचा टँकर येतो. आता मी रुमाल दोनदा हलवते. पाणी थांबंल."

लोक कुजबुजले. कुणीतरी "पोरगी वेडी हाय" म्हणालं. अंबिकेनं रुमाल दोनदा हलवला. पलीकडे शिवराजनं काठीनं बोळा भोकात रेटला आणि पाण्याच्याच दाबानं तो घट्ट बसला. पिवळी धार बारीक झाली, तुटली आणि थेंब थेंब होऊन थांबली.

घंटेची दोरी कुणीतरी सोडून दिली. तेवढ्यात हौदावरून शिवराजची आरोळी ऐकू आली. "बसला का बोळा? प्रांजली, आता तरी ऊठ, पाय गेले माझे!"

आधी मॅडम हसल्या, मग बाया, आणि शेवटी बद्रीनाथ शेठसुद्धा. पण हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. "तीन आठवडे पोरांच्या तोंडचं पाणी मी खांबांवर मारलं," ते म्हणाले. "बूच उडालं तेव्हा वाकून बघायला हवं होतं. मी कुंकू आणायला पळालो."

पाऊस पडेपर्यंत दर आठवड्याला एक टँकर शाळेला द्यायचं त्यांनी तिथंच कबूल केलं. गवंडी पुंडलिक दुसऱ्या दिवशी नळाला तोटी बसवायला आला आणि खणता खणता त्याची पहार दगडावर वाजली. मातीखाली हाळ जसाच्या तसा होता, कडा मेंढ्यांच्या माना घासून गुळगुळीत झालेल्या. त्यात हौदाचं पाणी सोडायची तेव्हा ऐपत नव्हती. मग पोरांनीच ठरवलं, जेवणानंतर ताटं विसळलेलं पाणी हाळात ओतायचं. खिचडीची शितं असलेलं ते पाणी मेंढ्यांना भलतंच आवडलं.

नानासाहेब त्या शनिवारी सकाळीच मैदानात आले होते. सगळं शिबिर लेझीम थांबवून बघत होतं. ते कडूबासमोर उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांना बोलायला शब्द शोधावे लागले.

"कडूबा, तुम्ही भंडारा उचलला तेव्हाच मी ऐकायला हवं होतं. या पोरांनी माझे डोळे उघडले. आता तुमच्या हातानं मला लावा."

कडूबानं रिकामी पिशवी झटकली. शिवणीत अडकलेली चिमूटभर हळद निघाली. नानासाहेब वाकले आणि म्हाताऱ्यानं ती त्यांच्या कपाळाला लावली.

"नानासाहेब, तुमचा राग नाय," तो म्हणाला. "या शाळंनं माझ्या नातीला जेवू घातलं, अक्षर दिलं. माझ्या बापाची मेंढरं याच हौदावर जगली. दोन पिढ्यांचे उपकार हायेत, फेडायचे कसे? एक चिमूट हळद तेवढी व्हती."

नानासाहेबांनी खिशातला रुमाल काढून डोळे टिपले आणि उन्हाला शिव्या घातल्या.

मॅडमनी हजेरीपट उघडला. "पाण्याचा चोर न पकडताही पाणी वाचवणारे तीन विद्यार्थी आपल्या शिबिरात आहेत," त्या म्हणाल्या. "शिवराज?"

"हजर! पण पाय गैरहजर, मॅडम."

"प्रांजली?"

"हजर."

"अंबिका?"

अंबिकेनं मैदानाकडे पाहिलं. पाल जागच्या जागी होतं. आजा मेंढ्या मोजायचं सोडून तिच्याकडे बघत उभा होता.

"हजर!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की भिंतीपाशी उभ्या वीसच्या वीस मेंढ्यांनी माना वर केल्या.